नांवाचा मक्तेदार

शब्दांच्या बाबतींत आपला समाज फार उदार आहे. ज्याला पगार द्यावयाचा नसतो त्याला आपण मान देतों, आणि ज्याच्याकडून रोज आठ तास काम घ्यावयाचें असून रजा मात्र द्यावयाची नसते त्याला आपण स्वतंत्र म्हणतों. अंगणवाडींत पोरें सांभाळणाऱ्या बाईच्या हातावर जे पैसे पडतात त्यांना वेतन न म्हणतां मानधन म्हणावयाचें. दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचविणाऱ्या मुलाला नोकर न म्हणतां भागीदार म्हणावयाचें. कारखान्याच्या भट्टीपाशीं वर्षानुवर्षें उभ्या राहणाऱ्या माणसाला कामगार न म्हणतां मक्तेदार म्हणावयाचें. ऐकावयास हीं सारीं नांवें गोड लागतात. वाणी मात्र किराण्याचा हिशेब करतांना नांव पाहत नाहीं. तो नोटा मोजतो. या नांवांनीं ज्यांचा गौरव होतो त्यांचें नुकसान किती होतें, आणि कायदा या नांवांना कितपत किंमत देतो, याचा थोडा विचार करावा असें आमच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून होतें. आम्ही वकील नव्हे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमची तीस वर्षें गेलीं. परंतु शब्द आणि वस्तु यांचें नातें तपासणें हाच आमचा धंदा असल्यामुळें या प्रश्नांत पडण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असें आम्ही समजतों.

प्रथम मूळ भेद पाहूं. घराला रंग देण्याचें काम आपण एखाद्या रंगाऱ्याला उक्तें देतों. शिडी त्याची, कुंचले त्याचे, माणसें त्याचीं. पहिला हात केव्हां आणि दुसरा केव्हां हें तो ठरवितो. आपण मध्येंच जाऊन शिकवूं लागलों तर तो आपल्याकडे अशा नजरेनें पाहतो कीं आपण निमूटपणें माघारीं फिरतों. काम संपलें कीं तो दुसऱ्या घरीं जातो. हा खरा मक्ता. आपल्या घरीं बारा महिने राबणाऱ्या गड्याची गोष्ट निराळी. त्याला आपण काय करावें हेंहि सांगतों आणि कसें करावें हेंहि सांगतों. पहिल्याकडून आपण तयार झालेलें काम विकत घेतों. दुसऱ्याकडून त्याचा वेळ आणि त्याची आज्ञाधारकता विकत घेतों. कायद्यानें हाच भेद पत्करला आहे. चाकरीचा संबंध ठरला कीं त्याच्या मागोमाग किमान वेतन, रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधि, आजारपणाचा विमा, अपघाताची भरपाई, सेवेच्या अखेरीस मिळणारी ग्रॅच्युइटी आणि कामावरून दूर करण्यापूर्वीं पाळावयाचे नियम अशी सारी वरात येते. मक्त्याचा संबंध ठरला कीं ठरलेली रक्कम हातावर ठेवून मालक मोकळा. एवढा मोठा फरक एका शब्दानें पडत असेल, तर तो शब्द बदलण्याचा मोह कोणाला होणार नाहीं?

हा भेद पुस्तकांत वाचण्यापेक्षां आमच्या रायगड जिल्ह्यांत, पेण आणि रोहा या दोन गांवांत, अधिक स्पष्टपणें पाहावयास मिळतो. पेणचे गणपति महाराष्ट्रांत ठाऊक नाहींत असें घर विरळा. पेण शहर आणि जवळचीं हमरापूर, जोहे अशीं गांवें यांत या मूर्तींचे कारखाने आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशीं यांपैकीं एखाद्या कारखान्यांत जाऊन उभें राहावें. तेथें डोळ्यांची आखणी करणारा कसबी कलावंत दिसतो. त्याचा कुंचला त्याचा, हात त्याचा, दरहि बहुधा त्याचाच. आज या कारखान्यांत, उद्यां पलीकडच्या. डोळा कसा काढावा हें त्याला मालक सांगूं लागला तर तो कुंचला खालीं ठेवून चालता होईल, आणि भाद्रपद जवळ आल्यावर तें मालकाला परवडावयाचें नाहीं. याला स्वतंत्र म्हणण्यास आमची कांहीं हरकत नाहीं. आतां त्याच छपराखालीं दुसऱ्या कोपऱ्यांत सांच्यांत माल ओतणाऱ्याकडे पाहा. सांचा मालकाचा, माल मालकाचा, जागा मालकाची. आज किती नग काढावयाचे आणि कोणत्या आकाराचे, तें मालकानें सांगावयाचें. पैसे दोघांनाहि नगावर मिळतात. हजेरीपट दोघांचाहि नाहीं. तेवढ्यावरून दोघेहि सारखेच स्वतंत्र ठरतात काय? आमच्या मतें तेथें एकच प्रश्न विचारावा. मूर्ति विकली न गेली, सरकारी नियम बदलला, किंवा पावसानें माल भिजला, तर व्यापारांतील तोटा कोणाचा, आणि धंदा वाढला तर नफा कोणाचा? नफ्यांत वांटा नसतांना जो केवळ नगाचे पैसे घेतो तो व्यापारी नव्हे, तो मजूरच. मजुरी तासानें मोजावी कीं नगानें मोजावी हा केवळ मापाचा प्रश्न आहे.

पेणहून दक्षिणेकडे नागोठण्यावरून आगगाडी रोह्यास जाते, आणि रोह्यापासून पुढें कोंकण रेल्वे सुरू होते. कुंडलिकेच्या कांठीं वसलेल्या या गांवाला लागून धाटाव येथें औद्योगिक वसाहत आहे व तींत मुख्यतः रसायनांचे कारखाने आहेत. आसपासच्या तालुक्यांतील मुलें पदवी घेतात आणि कोठल्या ना कोठल्या कारखान्यांत कामाला लागतात. आमचा असाच एक विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं कागदांचें एक भेंडोळें घेऊन घरीं आला. कारखाना कोणता व कोठला हें सांगण्याचें कारण नाहीं. अकरा वर्षें त्यानें एकाच ठिकाणीं, एकाच यंत्रावर, एकाच पर्यवेक्षकाच्या हाताखालीं काम केलें होतें. या अवधींत ठेकेदार चार झाले. फाटकावर दाखवावयाच्या पासाचा रंग चार वेळां बदलला. फाटक तेंच राहिलें. चौथ्या ठेकेदारानें तर एका इंग्रजी कागदावर त्याची सही घेतली होती. हा गृहस्थ स्वतंत्र व्यावसायिक असून आपल्या जबाबदारीवर सेवा पुरवितो, आपला विमा आपण उतरील, आणि त्याचें व कारखान्याचें मालक-नोकर असें कसलेंहि नातें नाहीं, असा त्या कागदाचा आशय. सही न केल्यास पास मिळत नव्हता, म्हणून सही केली.

काम बंद झाल्यावर त्याला ग्रॅच्युइटीची चौकशी करावीशी वाटली. १९७२ च्या कायद्याप्रमाणें पांच वर्षें सलग सेवा झाली म्हणजे प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मिळावयाची. तो ठेकेदारांकडे गेला. प्रत्येकानें सांगितलें, "आमच्याकडे तुमचीं पांच वर्षें भरलीं नाहींत." कारखान्याच्या कचेरींत गेला. तेथें सांगितलें, "आमच्याकडे तुमचा एक दिवसहि भरलेला नाहीं." दोन्ही उत्तरें कागदोपत्रीं अचूक होतीं. तो आम्हांस एवढेंच म्हणाला, "सर, मग माझीं अकरा वर्षें गेलीं कुठें?" इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नव्हतें. आम्हीं त्याला एका वकिलाकडे पाठविलें. वकील म्हणाले, "दावा चांगला आहे, निकालाला वर्षें लागतील." त्याच्या धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें होतें. त्यानें ठेकेदाराकडून एक ठोक रक्कम घेतली आणि आपला कसलाहि हक्क राहिला नसल्याबद्दल आणखी एका इंग्रजी कागदावर सही केली. त्या कागदाचा अर्थहि आम्हींच त्याला मराठींत समजावून दिला.

या प्रसंगानें आम्हांस आमच्याच जिल्ह्यांतील एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. याच जिल्ह्यांत, तो कुलाबा म्हणविला जात असतांना, अलिबागजवळच्या चरी येथें शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं तो १९३९ पर्यंत टिकला. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९४८ चा कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारें कूळ जमिनीचा मालक मानलें जाऊं लागलें. कायदा झाला तेव्हां जमीनदारांपुढें प्रश्न पडला कीं कूळ म्हणून नांव लागलें तर जमीन जाणार. तेव्हां कित्येकांनीं सांगावयास सुरुवात केली कीं हा माणूस कूळ नव्हेच. हा आमचा पगारी गडी. कायदा करणाऱ्यांना हें अगोदरच ठाऊक असावें. कारण १९४८ च्या कायद्याच्या चौथ्या कलमांत दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणें कसणाऱ्या माणसाला कूळ मानावें असें सांगून, पगारी गडी कोणाला म्हणावें आणि मजूर कोणाला म्हणावें याच्या मर्यादा आंखून दिल्या आहेत. पिकाचा वांटा घेणारा तो पगारी गडी नव्हे. आणि मजूर म्हणावयाचा तर मालकाची किंवा त्याच्या घरच्या माणसाची जातीनें देखरेख हवी.

आतां गंमत अशी पाहा. शेतावर गडी म्हणणें सोयीचें होतें तेव्हां त्या माणसाला गडी म्हटलें. त्याचाच नातू कारखान्यांत गेला, आणि तेथें गडी म्हणणें गैरसोयीचें झालें तेव्हां त्याला मक्तेदार म्हटलें. आजोबाला स्वातंत्र्य हवें होतें तेव्हां तें नाकारलें. नातवाला आधार हवा होता तेव्हां त्याच्या गळ्यांत स्वातंत्र्य बांधलें. दोन्ही वेळां राबणारा एकच, आणि नांव ठेवणारा दुसरा. म्हणून आम्ही म्हणतों कीं या प्रकरणांत नांवाकडे पाहूंच नये. नांव कोणीं ठेवलें आणि तें ठेवल्यानें कोणाचे पैसे वांचले, तें पाहावें.

न्यायालयानें हें पाहिलें कीं नाहीं? पाहिलें, आणि तेंहि मिठाच्या निमित्तानें पाहिलें, याचें आम्हां पेणच्या बाजूच्या लोकांना विशेष वाटावें. पेणच्या खाडीकडील खारेपाटांत मिठागरें होतीं. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरी हें नांवहि त्यावरूनच आलें असें सांगतात. कच्छच्या रणाच्या कडेला कुडा येथें मीठ पिकविणाऱ्यांनाहि अगरिया म्हणतात. ध्रांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीनें तेथील मिठागरें तत्कालीन ध्रांगध्रा संस्थानाकडून भाडेपट्ट्यानें घेतलीं होतीं. एकेक पट्टा एकेका अगरियाला दिला जाई, आणि आरंभींच्या खर्चासाठीं पट्ट्यामागें चारशें रुपये मिळत. अगरियानें विहीर खणावी, खारें पाणी पट्ट्यांत आणावें, मीठ धरलें म्हणजे तें फावड्यानें मोडावें. कंपनीच्या माणसांनीं पाण्याची आणि मिठाची परीक्षा करावी. पसंत पडलेल्या मिठाचे पैसे मणामागें मिळावे. नापसंत मीठ कंपनीचेंच. अगरियाला तें विकतां येत नसे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, आणि हाताखालीं मजूर घेण्याची मोकळीक होती. पावसाळा आला कीं हे लोक आपापल्या शेतीवर जात.

१९५१ सालीं त्यांचा तंटा औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला, तेव्हां कंपनीनें सांगितलें कीं हे कामगारच नव्हेत, स्वतंत्र मक्तेदार आहेत. वर सांगितलेल्या गोष्टी वरवर पाहिल्या तर कोणासहि तें खरें वाटेल. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर १९५६ मध्यें निकाल दिला, कीं हे कामगारच आहेत. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें: काम कसें करावें हें सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे तें पाहावें, मात्र त्या अधिकाराचें स्वरूप धंद्याधंद्याप्रमाणें बदलतें, त्यामुळें सर्वत्र एकच गज लावतां येत नाहीं. आणि जो स्वतः बायकापोरांसह राबतो त्यानें दोन माणसें मदतीला घेतलीं, एवढ्यानें तो मक्तेदार होत नाहीं. मीठ पिकत असतां पहिल्यापासून शेवटपर्यंत कंपनीची नजर त्यावर होती. या निकालाला सत्तर वर्षें होत आलीं, तरी अशा खटल्यांत तो अजून आधार म्हणून दाखविला जातो.

पुढें हा विचार पायरीपायरीनें वाढला. १९७३ सालीं शिंप्यांच्या खटल्यांत न्यायालयानें पाहिलें, कीं दर नगावर असला तरी शिवणयंत्र दुकानाचें आहे, आणि टांका बिघडला तर तो उसवून पुन्हां घालावयास सांगण्याचा हक्क दुकानदाराचा आहे. म्हणून ते नोकर. १९७८ सालीं केरळांतील दोरखंडाच्या कारखान्याच्या प्रकरणांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं आणखी पुढें पाऊल टाकलें. मध्यें कितीहि ठेकेदार उभे असोत. ज्याच्या धंद्यासाठीं काम चालतें आणि ज्यानें हात आंखडला तर मजुरांची चूल विझते, तोच खरा मालक.

हा रस्ता सरळ होता असें मात्र वाचकांनीं समजूं नये. विडी कामगारांच्या बाबतींत नागपूरच्या एका प्रकरणांत न्यायालयानें त्यांना कामगार मानलें. आणि त्यानंतर लवकरच, १९६१ सालीं, महाराष्ट्रांतीलच दुसऱ्या प्रकरणांत, वाटेल तेव्हां येण्याजाण्याची मुभा असलेला विडी वळणारा कारखाना कायद्याखालीं कामगार नव्हे असें बहुमतानें ठरविलें. एका न्यायमूर्तींनीं विरुद्ध मत नोंदविलें. शेवटीं १९६६ सालीं संसदेनें विडी कामगारांसाठीं निराळा कायदा केला आणि घरीं बसून विड्या वळणाऱ्या बायांनाहि त्यांत घेतलें. २००१ सालीं पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं ठेका पद्धतीला सरकारनें मनाई केली तरी ठेक्यावरील कामगार आपोआप मूळ कंपनीचे नोकर होत नाहींत. ठेका केवळ देखावा होता हें त्यांनीं अगोदर सिद्ध करावें. सिद्ध करावें हे दोन शब्द लिहावयास सोपे आहेत. ज्याच्यापाशीं हजेरीपट नाहीं, पगाराची चिठ्ठी नाहीं, आणि असलेला पास काम सुटतांच परत घेतलेला, त्यानें काय सिद्ध करावें?

यावर कारखानदारांचें एक म्हणणें आहे, व तें प्रामाणिकपणें ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, मागणी कधीं वाढते, कधीं पडते. कायम माणसांचा भार लहान कारखान्याला सोसत नाहीं. आणि कित्येक तरुणांना स्वतःच बांधून घ्यावयाचें नसतें. हें सर्वस्वीं खोटें नाहीं. हंगामापुरतें काम हंगामापुरतेंच राहणार. पेणच्या मूर्तिकाराला कार्तिकांत तेवढीं माणसें पोसतां यावयाचीं नाहींत. परंतु हंगामी नोकर हा सुद्धां नोकरच असतो. कुड्याचे अगरियेहि हंगामीच होते. काम थोडे दिवस आहे एवढ्यावरून त्या थोड्या दिवसांतील अपघाताची भरपाई टळत नाहीं. शिवाय नांव बदलून सारा भार टळतो ही मालकाची समजूतहि कच्ची आहे. ठेकेदाराच्या माणसाला कामावर अपघात झाला तर भरपाई मूळ मालकाकडून मागतां येते, आणि मालकानें ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी, ही तरतूद १९२३ च्या कायद्यांतच होती. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यानें ठेकेदारामार्फत लावलेला माणूसहि त्या आस्थापनेचा कर्मचारी मानला. थकलेली वर्गणी व्याज आणि दंडासह भरावी लागे. १९७० च्या कायद्यानें ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकावर टाकली. अशा रीतीनें वर्षाला वांचविलेले पैसे दहाव्या वर्षीं एकदम द्यावयाची पाळी अनेकांवर येते. कर्ज फेडलें नाहीं म्हणून तें नाहींसें होत नाहीं, तें वाढतें.

हे जुने कायदे आतां नव्या वेषांत आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि एकोणतीस कायदे त्यांत विलीन झाले. ठेका मजुरांविषयींचे नियम पूर्वींच्या केंद्रीय कायद्यांत वीस माणसांपासून लागत. आतां पन्नासांपासून लागतात. कारखान्याच्या मुख्य कामांत ठेक्याचे मजूर लावूं नयेत असें संहितेंत म्हटलें आहे. पण अपवादांचें दारहि त्याच भिंतींत ठेवलें आहे. आणि मोबाइलवरून कामें वाटणाऱ्या कंपन्यांच्या माणसांसाठीं एक तिसरेंच नांव काढलें आहे, तें गिग कामगार. पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून कमावणारा, अशी त्याची व्याख्या. त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठीं कंपनीनें उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी. मात्र ती या कामगारांना दिलेल्या पैशाच्या पांच टक्क्यांहून अधिक नसावी. जेथें कांहींच नव्हतें तेथें हें कांहीं तरी आलें, याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाहीं. परंतु तो संबंध खरोखर नोकरीबाहेरचा आहे काय हा मूळ प्रश्न व्याख्येंतच मिटविला, हें कांहीं ठीक झालें नाहीं. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढें २०२१ सालीं उबर कंपनीच्या चालकांचा हाच प्रश्न आला. कंपनी म्हणे, हे स्वतंत्र धंदेवाईक. न्यायालयानें विचारलें, भाडें कोण ठरवितो? अटी कोण घालतो? नापसंतीची शिक्षा कोण करतो? आणि चालकांना किमान वेतन व पगारी रजा यांचा हक्क आहे असें सांगितलें. कुड्याच्या मिठागरावर आपल्या न्यायालयानें पासष्ट वर्षें आधीं जी वाट धरली, तीच ही वाट.

वाचकांपैकीं बहुतेक मंडळी आमच्यासारखींच, महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार घेणाऱ्या किंवा निवृत्तिवेतन घेणाऱ्या घरांतील असतील. हा प्रश्न धाटावच्या फाटकाशींच थांबतो असें त्यांना वाटण्याचा संभव आहे. तसें नाहीं. महाराष्ट्रांतील महाविद्यालयांत आज तासिका तत्त्वावर शिकविणारे अध्यापक आहेत. पदवी आमच्याइतकीच, कित्येकदां आमच्याहून सरस. विषय तोच, वर्ग तोच, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेच. मोबदला मात्र तासावर, आणि सुटी लागली कीं तोहि बंद. सांच्यांत माल ओतणाऱ्याचा नग आणि यांचा तास यांत आम्हांस तरी कांहीं फरक दिसत नाहीं. मानधनाची गोष्टहि तशीच. अंगणवाडीच्या बायांना मिळतें तें मानधन, वेतन नव्हे. म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी नाहीं, असें पुष्कळ वर्षें सांगण्यांत आलें. गुजरातेंतील अशा बायांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें सांगितलें, कीं तें वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. मान ठेवण्यासाठीं धन कापण्याची जरूर नव्हती, हें कळावयास इतकीं वर्षें लागलीं.

आमच्या मतें यावर उपाय एकच आहे, आणि तो न्यायालयांनीं आपल्या निकालांतून जवळजवळ सुचविलाच आहे. जो काम करून घेतो त्याचा तो माणूस नोकर आहे, असें प्रथम गृहीत धरावें. नाहीं म्हणणाऱ्यानें तें सिद्ध करावें. कारण हजेरी, हिशेब, फाटक आणि वकील हीं सारीं त्याच्याच हातीं असतात. खऱ्या मक्तेदाराला यांत भिण्याचें कारण नाहीं. घर रंगविणारा आपली शिडी दाखवील, आखणी करणारा आपला कुंचला दाखवील, आणि काल कोणाकडे होतों व उद्यां कोणाकडे जाणार तें बेलाशक सांगेल. ज्याला दाखवावयास परत घेतलेल्या पासाखेरीज कांहींच नाहीं, त्याच्या पदरांत त्याचीं अकरा वर्षें पडावीं यासाठीं कायद्यानें एवढें केलें तर तें उपकार नव्हे. तो केवळ हिशेब होईल.